फड आणि पडदा

माझा नातू सुट्टीत मुरगूडला आला की मोबाईलवर जपानी कार्टून बघत बसतो. 'कार्टून' म्हटलेले त्याला चालत नाही. "आजोबा, ह्याला ॲनिमे म्हणतात," असे तो मला दर खेपेला बजावतो. परवा त्याच्या शेजारी बसून अर्धा तास मीही बघितले. 'वन पीस' नावाची, समुद्रावरच्या चाच्यांची, कधीच न संपणारी गोष्ट आहे ती. त्यातला नायक लढता लढता एकदम थबकतो, हात फैलावतो, डोळे वटारतो, आणि क्षणभर सगळे चित्र गोठून जाते. मी म्हटले, "अरे, हे तर वगातल्या राजासारखे झाले! वाक्य फेकायचे, पाय आपटायचा आणि ढोलकीवाल्याने थाप द्यायची." नातवाला वग म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. त्याला ते समजावून सांगताना माझ्याच डोक्यात हा विषय घोळू लागला.

जपानविषयी थोडे वाचले तेव्हा कळले की हे गोठणे कार्टूनवाल्यांच्या घरचे नाही. काबुकी नावाचे त्यांचे जुने नाटक आहे. त्यात ऐन प्रसंगी नट असाच ठाण मांडून उभा राहतो आणि बाजूला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो. त्या पवित्र्याला 'मिए' म्हणतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ओकुनी नावाच्या एका बाईने क्योतोमध्ये नदीकाठच्या वाळवंटात नाचगाण्याचे खेळ सुरू केले, तिथपासून काबुकीचा उगम मानतात. या नटांना तिकडचे प्रतिष्ठित लोक 'नदीकाठचे' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत गावकुसाबाहेरचे. १६२९ साली बायकांना रंगमंचावर बंदी झाली आणि पुढे स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करू लागले. आजही करतात. त्यांना 'ओन्नागाता' म्हणतात. आणि गंमत म्हणजे माझ्या नातवाचा हा 'वन पीस' २०१५ साली तोक्योत काबुकी म्हणून सादर झाला. चारशे वर्षांच्या म्हाताऱ्याने कालच्या पोराला मांडीवर घेतले म्हणायचे.

तिकडे आणखी एक प्रकार होता, 'कामिशिबाई'. सायकलवर लाकडी चौकट बांधून माणूस गल्लीत यायचा, पोरांना गोळ्या विकायचा आणि चौकटीत एकामागून एक चित्रे सरकवत गोष्ट सांगायचा. १९३० च्या दशकात त्याचा फार बोलबाला होता. टीव्ही आला तेव्हा काही जपानी लोक त्याला 'विजेवरची कामिशिबाई' म्हणत. हे वाचताना मला आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण झाली. तिथले ठाकर समाजाचे लोक रामायण-महाभारताची चित्रे एकेक करून दाखवत, वाद्यांच्या साथीने कथा गातात. ती चित्रकथी. जपानी कामिशिबाईत चित्रे काढणारे काही कलावंत पुढे चित्रकथांच्या पुस्तकांत गेले आणि त्यातले शिगेरू मिझुकी तर देशभर नावाजले. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आनंदच आहे. पण पिंगुळीच्या चित्रांमधून आपल्या मुलांसाठी एखादी कार्टूनची मालिका उभी राहिली नाही.

मग आपल्याकडे परंपरेतून आधुनिक करमणूक जन्मालाच आली नाही का? आली की. आणि ती आमच्या कोल्हापुरातच आली.

बाबूराव पेंटर हे मूळचे बाबूराव मेस्त्री. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. देवळे, राजवाडे, अरण्ये, सगळे कापडावर. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. या कंपनीला सुरुवातीचे भांडवल कुणी दिले? गायिका तानीबाई कागलकर यांनी. आडनाव पाहा. मुरगूड कागल तालुक्यात, त्यामुळे मला या गोष्टीचा अभिमान वाटतो तो जरा जास्तच. मराठी सिनेमाच्या पायात एका गाणाऱ्या बाईचा पैसा आहे ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मला कधी शिकवावी लागली नाही, कारण ती पुस्तकात नव्हतीच.

१९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. विषय कीचकवधाचा. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारने आधी बंदी घातलेली, त्यामुळे भीमाच्या हातून मरणारा कीचक कोण हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाने, अण्णा साळुंके यांनी केली होती. 'सैरंध्री'त मात्र बायका उभ्या राहिल्या. जपानमध्ये त्या सुमाराला सिनेमातही ओन्नागाताच बायका होत होते.

पुढे १९२३ मध्ये 'सिंहगड' आला. तानाजीची गोष्ट महाराष्ट्राने पोवाड्यातून ऐकलेली होती, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीत वाचलेली होती. पडद्यावर ती आली तेव्हा बोलपटही सुरू झाले नव्हते. पण प्रेक्षकाच्या कानात डफ वाजतच होता. भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओतून शिवकाळ इतक्या वेळा उभा केला, त्यामागेही शाहिराचेच बळ आहे असे मला वाटते. पोवाड्यात नायकाच्या मनात काय चालले आहे याचा फार खल नसतो. प्रसंग उभा करायचा, आवाज चढवायचा, पुढे जायचे. भालजींचे शिवपट तसेच चालतात. २०२० सालचा हिंदी 'तान्हाजी' बघताना मला संगणकावरच्या कड्यांपेक्षा त्यातली पोवाड्याची चालच अधिक ओळखीची वाटली.

कीर्तनाचे ऋणही असेच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. (गेली ती गेली. जुने कोल्हापूरकर अजून हळहळतात.) १९३६ चा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, जे आधी नाटकात स्त्रीभूमिका करत. हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी वाटते की हे कीर्तनच आहे. अभंग येतो, त्यावर एक घटना घडते, पुन्हा अभंग येतो. कीर्तनकार निरूपण करताना दृष्टांत देतो, तसे इथे प्रसंग आहेत. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग लोकांनी तुकोबांचाच धरला. परंपरा जिवंत असते म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. कवी १९३६ चा, पण ऐकणाऱ्याला सांधा कुठेच लागला नाही.

आता तमाशाकडे येतो. खरे तर मला यावरच लिहायचे होते.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे, या भागातल्या जत्रांत तमाशा असायचाच. कागलच्या गैबीच्या उरुसाला तर माणसांचा समुद्र. रात्री गॅसबत्त्या लागत. आधी गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गवळण. तिच्यात राधा-गवळणी, त्यांची मावशी, कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मावशी हा नेहमी मिशा काढलेला बाप्या. मग बतावणी, म्हणजे दोघांनी मिळून एकमेकांची फिरकी घेत गावाचीही घ्यायची. आणि मध्यरात्र उलटली की वग. तो पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी गावापुढे हजेरी व्हायची. शाळेत मास्तर विचारायचे, "काल रात्री कोण कोण गेले होते?" हात कुणीच वर करायचे नाही, आणि निम्मा वर्ग पेंगत असायचा. पुढे मीच मास्तर झालो तेव्हा हा प्रश्न मी कधी विचारला नाही.

आमच्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे भेदिक. कलगीवाले शक्तीला मोठी म्हणणार, तुरेवाले शिवाला. डफ-तुणतुण्यावर एकमेकांना कोडी घालायची, पुराणातली, अध्यात्मातली. उत्तर आले नाही तर हार. ही माणसे शाळेत फारशी गेलेली नसत, पण त्यांचे पाठांतर ऐकून शास्त्रीबुवांनीही गप्प बसावे. सिनेमाने ही सवालजवाबाची चौकट जशीच्या तशी उचलली. अनंत माने यांच्या १९६४ च्या चित्रपटाचे नावच 'सवाल माझा ऐका'. फक्त भेदिकात जिथे शिव-शक्ती होते तिथे सिनेमात दोन फडांच्या बायका आल्या. कोडे जिंकले की ज्ञान सिद्ध होई, आता इरेला नाक आले, पैसा आला, पाटलाची मर्जी आली. चौकट तीच, आतला माल बदलला. मला यात वाईट वाटत नाही. मात्र भेदिकाचे नाव कुणी घेत नाही, एवढे खटकते.

त्याच माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. त्याआधी १९४७ मध्ये 'लोकशाहीर राम जोशी' येऊन गेला होता. दोन्हींत हंसा वाडकर. हे सारे घडत होते तेव्हा खुद्द तमाशाची अवस्था काय होती? स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. ती उठली तेव्हा संहिता आधी तपासून घेण्याची अट मागे ठेवून गेली. बतावणी ही मुळात जागच्या जागी सुचणारी गोष्ट. ती आधी लिहून तपासून घ्यायची म्हणजे काय उरणार? तमाशाला 'लोकनाट्य' हे सोवळे नाव रुळले ते या वर्षांत. अण्णाभाऊ साठ्यांनी त्यात कामगारांचे प्रश्न आणले आणि गणाच्या जागी भूमीला व हुतात्म्यांना वंदन ठेवले, ही मोठीच गोष्ट. पण नाव बदलले तरी फडातल्या माणसांचे दिवस बदलले नाहीत. तमाशातली लावणी पडद्यावर आली की कुटुंबासह तिकीट काढून बघायची, आणि तीच लावणी फडात गाणारी बाई गावात पाण्याला आली की घागर उचलून बाजूला व्हायचे. हे मी पाहिलेले आहे.

१९७२ साली व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला तेव्हा मी विशीत होतो. या चित्रपटावर आमच्या जिल्ह्याची छाप आहे. संवाद पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांचे, गाणी जगदीश खेबुडकरांची. खेबुडकर पेशाने शिक्षक. चित्रपटाचा नायकही शिक्षक, डॉ. लागूंनी केलेला. आदर्श गुरुजी तमाशाचा फड गावाबाहेर काढतो, आणि फडातली चंद्रकला त्यालाच जाळ्यात ओढते. पुढे एका खुनानंतर गावाला वाटते की गुरुजीच मेला. गाव त्याचा पुतळा उभारते आणि जिवंत गुरुजी फडात पडेल ते काम करत हिंडतो. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली तो पकडला जातो, आणि पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून गप्प राहतो.

मी हा चित्रपट मास्तर होण्याआधी एकदा पाहिला आणि नंतर पुष्कळदा. गाणी अप्रतिम, त्याबद्दल वादच नाही. खेबुडकरांना फडाची भाषा हाडामांसात ठाऊक होती. पण वय वाढले तसे एक जाणवू लागले. या चित्रपटात सूर फडाचा आहे आणि निकाल शाळेचा. तमाशा म्हणजे पिंजरा, बाई म्हणजे मोह, आणि वाया गेला तो गुरुजी. चंद्रकलेचे काय वाया गेले, ते विचारायला पडद्यावर फारशी कुणाला सवड नाही. त्याच १९७२ मध्ये पुण्यात तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले. कीर्तन, लावणी, दशावतारी खेळे, सगळे त्यात मिसळलेले. १९८० मध्ये ते युरोपला जाऊन आले. तेही खेळे आणि लावणीवाल्यांच्याच पुंजीवर उभे होते. युरोपला जाणारे मात्र पुण्याचे शिकलेसवरलेले नट होते. यात त्या नटांचा दोष नाही. कष्ट त्यांचेही होते. पण सांगून ठेवले पाहिजे.

शाळेच्या बाजूने नव्हे, फडाच्या आतून बघणारा लेखक आम्हाला मिळाला तो आमच्याच तालुक्यातून. आनंद यादव कागलचे. त्यांची 'झोंबी' सगळ्यांना ठाऊक असते, साहित्य अकादमीमुळे. पण 'नटरंग' ही कादंबरी मला अधिक धाडसाची वाटते. गुणा हा अंगापिंडाने पैलवान गडी, शेतावर राबणारा. विहिरीवर इंजिन-मोटार आली की मोटेवरच्या माणसाचे काम जाते, हे आमच्या भागातल्या किती घरांत झाले असेल! गुणा फड काढायचे मनावर घेतो. वग तोच लिहितो, राजाची भूमिका त्यालाच करायची असते. पण फडाला नाच्या हवा असतो आणि नाच्या व्हायला कुणी तयार नसतो. शेवटी गुणा स्वतः मिशा उतरवतो. त्यानंतर गाव, घरची माणसे, फडातली माणसे, कुणीच त्याला पुरुष म्हणून बघत नाही.

१ जानेवारी २०१० ला त्यावरचा चित्रपट आला. दिग्दर्शक रवी जाधव, गुणा झाले अतुल कुलकर्णी, संगीत अजय-अतुल यांचे. चित्रपट तुफान चालला. आणि २०११ मध्ये याच रवी जाधवांनी कोणता चित्रपट केला? 'बालगंधर्व'. मला हा योगायोग विलक्षण वाटतो. एकाच दिग्दर्शकाने, जेमतेम दीड वर्षाच्या अंतराने, साडी नेसणाऱ्या दोन पुरुषांची गोष्ट सांगितली. बालगंधर्व साडी नेसले तर घराघरांतल्या स्त्रियांनी त्यांच्यासारखे पातळ नेसायला, अंबाडा घालायला सुरुवात केली. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. कंपनीच्या कर्जात आणि आजारपणात त्यांचे फार हाल झाले हे खरे, पण स्त्रीवेष घेतला म्हणून कुणी त्यांच्या पुरुषपणाची टवाळी करत हिंडले नाही. गुणाच्या वाट्याला चित्रपटात उतारवयात सन्मान येतो, पण त्याआधी काय काय येते ते इथे लिहवत नाही. कला एकच, पुरुषाने बाई होण्याची. फरक एवढाच की एक माणूस संगीत नाटकाच्या दारातून आत आला आणि दुसरा तमाशाच्या. कुठल्या दाराला कोणत्या जातीची माणसे उभी होती हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

या ठिकाणी जपानकडे पुन्हा बघावेसे वाटते. २०२५ मध्ये तिकडे 'कोकुहो' नावाचा चित्रपट आला. शब्दाचा अर्थ राष्ट्रीय ठेवा. गोष्ट एका ओन्नागाताची. नायक गुंडाच्या टोळीतल्या बापाचा मुलगा, काबुकीच्या घराण्यात वाढतो. पण रक्त घराण्याचे नाही, म्हणून जन्मभर झगडतो. कार्टूनपट बाजूला ठेवले तर जपानी चित्रपटांच्या कमाईचा जुना विक्रम त्याने मोडला. म्हणजे तिकडेही जन्माचा प्रश्न सुटलेला नाही. काबुकीतली बडी नावे बापाकडून मुलाकडे जातात आणि काबुकीच्या मुख्य रंगमंचावर बायकांना अजून जागा नाही. त्या बाबतीत आमचा तमाशा पुढे निघाला. हिवरगावच्या पवळेने पठ्ठे बापूरावांच्या कवनांना आवाज दिला तेव्हापासून फड बायकांचाही झाला.

पण एक गोष्ट त्यांनी केली ती आपल्याला जमली नाही. शोचिकु नावाची कंपनी १८९५ साली निघाली ती काबुकीची नाटकगृहे चालवायला. १९२० मध्ये तिने सिनेमे काढायला सुरुवात केली. ओझू यांचा जगप्रसिद्ध 'तोक्यो स्टोरी' तिचाच. आजही एका हाताने ती सिनेमा चालवते आणि दुसऱ्या हाताने काबुकी. सिनेमाचा पैसा आणि जुन्या नाटकाचा पैसा एकाच घरात राहिला. सरकारनेही १९५० च्या कायद्याने थोर कलावंतांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवून शिष्य घडवण्यासाठी मानधन द्यायची सोय केली. २०१२ मध्ये तामासाबुरो या ओन्नागाताला तो मान मिळाला.

आपल्याकडे कोल्हापूरच्या स्टुडिओंनी फडाकडून घेतले पुष्कळ, पण फड कधी त्यांच्या वहीत आला नाही. लावणी लिहिणारे कवी वेगळे, पडद्यावर नाचणाऱ्या नट्या वेगळ्या. फडातली बाई सिनेमात आली तर गर्दीत. प्रभात १९५० च्या दशकात बंदच पडली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींचे पदक दोनदा मिळाले. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा अखेरच्या आजारपणात औषधपाण्याची भ्रांत होती. त्यांच्या नावाने राज्य सरकार आता दरवर्षी तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते. चांगलेच आहे. पुरस्कार एकाला मिळतो, फडात माणसे शंभरावर असतात. ट्रकचे भाडे, तंबू, स्वयंपाकी, वाद्ये, हंगामाआधी घेतलेल्या उचली. २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम कोरोनाने बुडाले, त्यात कित्येक फड कर्जातून वर आलेच नाहीत.

टीव्हीचे एक सांगायचे राहिले. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झाले आणि पुढे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आले. आमच्या घरी सगळे बसून बघतात, मीही बघतो. ही सरळसरळ बतावणी आहे. दोघे उभे राहतात, एक शहाणा एक येडा, शब्दाला शब्द लागतो, समोर बसलेल्या पाहुण्याची टोपी उडते. साडी नेसून लचकत येणारा बाप्या म्हणजे गवळणीतली मावशी. सोंगाड्या दादा कोंडक्यांपर्यंत कसा आला हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ चे, 'सोंगाड्या' १९७१ चा. तिथून पुढचा धागा मात्र कुणी दाखवून देत नाही. या कार्यक्रमांतल्या पोरांना तो माहीत असावा, कारण त्यांची वेळ अचूक साधलेली असते, आणि अशी वेळ साधणे आपोआप येत नाही. एका गोष्टीत मात्र ते बतावणीला उतरत नाहीत. बतावणीत राजाची, पाटलाची, सरकारची चामडी लोळवली जायची. इथे पाहुणा पुढच्या सिनेमाची जाहिरात करायला आलेला असतो, त्यामुळे चिमटा गोंजारल्यासारखा.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावच्या जत्रेत बऱ्याच दिवसांनी फड आला. गावकऱ्यांच्या बैठकीत मलाही बोलावले होते. तरुण पोरांचे म्हणणे ऑर्केस्ट्रा आणावा. जुनी मंडळी तमाशावर अडली. अखेर तमाशा ठरला. संध्याकाळी लवकर गेलो. गण झाला, उभे राहून झाला, ते बघून बरे वाटले. गवळण पाच-सात मिनिटांत गुंडाळली. आणि मग रंगबाजी सुरू झाली. समोरच्या पोरांनी ओरडून ओरडून मागणी केली ती 'नटरंग'मधल्या गाण्यांची. फडातल्या मुलींनी ती केली, सिनेमातल्या नटीसारखी वेशभूषा, तिचेच हावभाव. फडाने पडद्याला दिले होते ते पडद्याकडून फडाला असे परत आले होते.

मी मागच्या बाजूला जाऊन फडाच्या मॅनेजरला विचारले, "वग कोणता आहे आज?"

"हाय की गुरुजी, वग हाय. पर लोकांस्नी गाणी लागत्यात. अन् टाइम कुटं ऱ्हातोय?"

टाइमचे त्याचे म्हणणे खरे होते. रात्री दहानंतर कर्णा लावायचा नाही हा नियम आहे. आजारी माणसे, परीक्षेची पोरे, तान्ही बाळे, सगळ्यांच्या सोयीचा आहे आणि मास्तर म्हणून मला तो पटतोही. पण वग हा मध्यरात्रीनंतर उभा राहणारा खेळ. त्याची गोष्टच चार-पाच तासांची, रात्रीच्या कलाने फुलणारी. रंगबाजी संपली तेव्हा सव्वानऊ झाले होते. पोरे मोटारसायकली काढून गेली. शंभर-सव्वाशे माणसे उरली, बहुतेक माझ्या वयाची, कांबळी पांघरून बसलेली. पडदा वर गेला, शिपायांनी मुजरे केले, प्रधान आला, सोंगाड्याने प्रधानाच्या फेट्यावर एक कोटी केली आणि म्हातारे खदखदून हसले. राजा सिंहासनावर बसून दवंडी पिटवायचा हुकूम देत होता, तेवढ्यात पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. दहा वाजले होते. कर्णा बंद झाला. राजाने हात वर केलेला तसाच धरला, ढोलकीवाल्याने कर्ण्याशिवायच एक थाप दिली, आणि गडी पुढे होऊन पडद्याची दोरी सोडू लागले.